खणातली सुरी

ग्रिम्सबीच्या धुरीघरात
पहाटे पाचपासून मी हेरिंग चिरते.
पाठीतून चिरायचं, पोट शाबूत ठेवायचं,
मग पुस्तकासारखं उघडायचं.
दर ट्रेला एक शब्द पाठ.
मेटिक्युलस, तीनशे मासे.
रिलक्टंट, तीनशे मासे.
युबिक्विटस काही केल्या डोक्यात बसेना.
केस दोनदा धुऊनही बसमध्ये
शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली
तेव्हा बसला.

गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
ऑड्री ब्लँचर्ड वाक्प्रचार शिकवतात.
फळ्यावर त्यांनी लिहिलं, लाल हेरिंग.
मी हात वर केला, वर्गात पहिल्यांदाच.
म्हटलं, मिठात इतके दिवस,
ओकच्या भुशाच्या धुरात इतके,
मग रंग चढतो असा, भाजलेल्या विटेचा,
आणि घाई केली तर शेपटीकडून सडतो.
पाच मिनिटं बोलले,
एकही क्रियापद न चुकता.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग हळूच म्हणाल्या,
इथे अर्थ, माग चुकवायला टाकलेली गोष्ट.
सिरियाहून आलेला दंतवैद्य हसला.
मीही हसले, आणि वहीत लिहिलं:
मी रोज टांगते ते नव्हे.

माझं नाव स्काइद्रीते.
म्हणजे निथळ, लख्ख.
हजेरीपटावर एवढं मावत नाही
म्हणून इथे मी स्काय.

ग्लेन आमचा फोरमन. फेब्रुवारीत एकदा
माझ्याकडे हनुवटी करून
नव्या पोराला म्हणाला,
ही काही खणातली सर्वांत धारदार सुरी नाही.
मी धावत जाऊन माझी सुरी आणली.
नखावर टेकवून दाखवली,
स्वतःचा एक केस उपटून
हवेतल्या हवेत कापला.
बघ, म्हटलं, रोज रात्री दगडावर घासते,
वडिलांनी शिकवलंय, व्हेंट्सपिल्सच्या धक्क्यावर.
ग्लेन हसता हसता भिंतीला टेकला.
नवा पोरगा आपल्या बुटांकडे बघत राहिला.
मला वाटलं, कौतुक झालं.
घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

एप्रिलात, पान एकशे बारा,
'बुद्धी' या मथळ्याखाली सातव्या ओळीत
ती सुरी मला भेटली.

दोन महिने जखम नव्हतीच.
पान उलटलं
आणि भळभळायला लागली.

ऑड्रीबाई म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा.
दंतवैद्याने मेहुण्यावर केला.
मी लिहिलं,
माझी सुरी खणात नसते.
त्यांनी खाली लाल रेघ मारली,
थोडा वेळ बघत बसल्या,
मग रेघच खोडली.

आमच्या लाटवियनमध्ये थापाड्याला म्हणतात,
बदकाची पिल्लं फुंकतोय.
फुंकतो म्हणजे कशी, आणि पिल्लंच का,
मी कुणाला विचारलं नव्हतं कधी.
आपल्या भाषेत कोण विचारतं?

जूनमध्ये ग्लेन म्हणाला,
पगारवाढ पुढच्या महिन्यात, नक्की.
मी म्हटलं, ग्लेन, तू पिल्लं फुंकतोयस.
काय फुंकतोय?
बदकाची, म्हटलं. छोटी छोटी.
आणि सुरी पुसत उभी राहिले.
तो हसायला गेला, पण हसू कुठे ठेवावं
ते त्याला सापडेना.
जेवणाच्या सुट्टीत तीन जणांना विचारून आला.
पगारवाढ अजून आलेली नाही,
ते वेगळं.

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये
तो नवा पोरगा, आता तितका नवा नाही,
कुणाला तरी सांगत होता,
उगाच बदकं फुंकू नकोस.
मी चहा खाली ठेवला.
पिल्लं, म्हटलं.
मोठी फुंकत नाहीत.